इतर (कृपया नमूद करा)

२०१८ सालची गोष्ट. दुबईच्या आमच्या ऑफिसात एक फॉर्म आला होता. कुठल्याशा मुख्यालयात कुणाच्या तरी डोक्यातून निघालेला आणि आमच्या टेबलांवर येऊन पडलेला, चार पानी. वय, शिक्षण, घरी बोलायची भाषा, आणि तिसऱ्या पानावर ‘वंश’. समोर चौकोन होते: अरब, आशियाई, आफ्रिकी, युरोपीय आणि सगळ्यांत खाली ‘इतर (कृपया नमूद करा)’. मी ‘आशियाई’वर खूण केली आणि डबा गरम करायला उठले. परत आले तरी शेजारच्या टेबलावरची तिसऱ्याच पानावर अडकलेली. ती लेबनॉनची, उत्तरेकडच्या कादिशा दरीच्या कडेला असलेल्या एका मॅरोनाइट, म्हणजे ख्रिस्ती पंथाच्या, गावातली. तिने ‘अरब’ हा शब्दच जाड रेघ ओढून खोडला, आणि सगळ्यांत खालच्या चौकोनापुढे शाळेतल्यासारख्या वळणदार अक्षरात लिहिलं: फिनिशियन. म्हणजे तीनेक हजार वर्षांपूर्वी तिथल्या किनाऱ्यावर राहणारे दर्यावर्दी व्यापारी.

पलीकडच्या रांगेतला एकजण तेवढ्यात स्टेपलर मागायला आला. तोही लेबनॉनचाच, पण दक्षिणेतल्या सूर शहरातला, शिया. त्याने वाकून वाचलं आणि खो खो हसला. ‘तुम्ही डोंगरावरून लाकूड पाठवायचात. जहाजं आम्ही बांधायचो. समुद्रातही आम्हीच घालायचो. फिनिशियन कोण मग?’ त्याने स्वतः कशावर खूण केली होती? अरबवर. ‘घरात अरबी बोलतो, शिव्या अरबीत देतो, मेल्यावर माझ्यासाठी अरबीतच रडतील. दुसरं काय लिहू?’ ती भडकली. त्याच्यावरचा राग माझ्यावर काढत म्हणाली, ‘आणि तू? आशियाई? बैरूत काय ऑस्ट्रेलियात आहे?’

मला उत्तर सुचलं नाही. अजून नीटसं सुचलेलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या मनात ही दोघं डोंगरवाली आणि सूरवाला झाली. खरी नावं इथे लिहायची गरज नाही. लेबनॉनमध्ये तर नाव कळलं की सगळंच कळतं. मला खटकत राहिलं ते एवढंच, की ज्याच्या घराखाली खरोखर फिनिशियन गाडले गेलेत त्याला ते नको होते, आणि जिच्या गावात सीडरची झाडं आणि बर्फ सोडून त्यांचं काहीही नाही, ती त्यांच्यासाठी भांडत होती. सूर म्हणजे इंग्रजी पुस्तकातलं टायर, आपल्या मराठी बायबलातलं सोर. सैदा म्हणजे सीदोन. आज सूरमध्ये बहुसंख्य शिया, सैद्यात सुन्नी. आणि ‘आम्ही अरब नाही, फिनिशियन आहोत’, त्यांच्या बोलीत ‘नेहना मिश अरब’, हे जास्त करून ऐकू येतं ते वरच्या ख्रिस्ती डोंगरातून. समुद्राकाठचा वारसा आणि त्यावर दावा सांगणारे बसलेत दीड हजार मीटर उंचीवर.

आमच्या घरी एक कुलवृत्तांत आहे. लाल कापडी बांधणीचा, वाळवी लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवलेला, त्यामुळे उघडला की आधी वास येतो आणि मग पूर्वज. पहिल्या पानावर मूळपुरुष. त्याच्या वरती थोडी कोरी जागा, कारण त्याचा बाप कोण हे कुणालाच ठाऊक नाही. लहानपणी मला ती कोरी जागा फार आवडायची. तिथे हवं ते लिहिता आलं असतं. डोंगरवालीने फॉर्मवर लिहिलेलं अक्षर बघताना मला ती जागा आठवली, आणि तिच्यावर हसावं की नाही ते ठरेना.

जून २०१९ मध्ये तिच्या भावाच्या लग्नाला गेले. तेव्हा डॉलरला १,५०० लिरा मिळायचे आणि हे असंच चालू राहणार असं सगळ्यांना वाटत होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी ती मला बैरूतच्या राष्ट्रीय संग्रहालयात घेऊन गेली. देवळात नेतात तशी, आंघोळ करून, चांगले कपडे घालून. यादवीच्या १९७५ ते १९९० या काळात शहराचे दोन तुकडे करणारी रेषा नेमकी या इमारतीच्या दारातून जायची. तेव्हाचे संचालक मोरिस शहाब यांनी हलवता न येणाऱ्या दगडी शवपेट्यांभोवती सिमेंटचे ठोकळे ओतून घेतले, लहानसहान वस्तू तळघरात भिंतीआड चिणून टाकल्या. तिथल्या एका मोझाइकमध्ये बंदूकधाऱ्याने नेम धरण्यासाठी पाडलेलं भोक अजून तसंच ठेवलंय. मी त्यातून डोकावले. पलीकडे नुसती ट्रॅफिक.

अहिरामची शवपेटी तळमजल्यावर. १९२३ साली जुबैलमध्ये, म्हणजे जुन्या बिब्लोसमध्ये सापडलेली, सुमारे ३,००० वर्षांची. राजा सिंहासनावर बसलाय, हातात मान टाकलेलं कमळ, कारण तो मेलेला आहे. अरुंद बाजूला चार बायका. दोघी छाती बडवतायत, दोघींचे हात केसांत. कुणाच्याही घरच्या मयताला दिसतील अशा. झाकणाच्या कडेने अक्षरांची ओळ गेली आहे. अहिरामच्या मुलाने कोरून घेतलेली शापवाणी: जो कुणी ही पेटी उघडेल त्याचा राजदंड मोडो, सिंहासन उलथो, बिब्लोसमधून शांतता निघून जावो. डोंगरवालीने काचेला बोट न लावता हवेतच एकेक अक्षर गिरवून दाखवलं. अलेफ, म्हणजे बैल. बेथ, म्हणजे घर. ऐन, म्हणजे डोळा, साधं वाटोळं. ‘हे आम्ही जगाला दिलं,’ ती म्हणाली. तिचा आवाज जरा भरून आला होता. मी मनात म्हटलं, मलाही दिलंय बाई. ब्राह्मीची मुळं अरामी लिपीत आहेत असं बरेच अभ्यासक मानतात (सगळे नाही, आणि जे मानत नाहीत ते जोरात मानत नाहीत), आणि अरामी निघाली ती या लिपीतून. म्हणजे मी आता ‘बैल’ लिहिते त्या अक्षरांच्या पणजीच्या पणजीचं डोकं कदाचित खरोखरच बैलाचं असेल. पण तिला हे सांगायची ती वेळ नव्हती. लोक देवळात असताना आपण इतिहास काढू नये.

बाहेर दुकानात सोनेरी टोपीवाल्या बारीक बाहुल्या विकायला होत्या. बिब्लोसच्या देवळात सापडलेल्या ब्राँझच्या मूर्तींच्या नकला, उंच टोकदार टोप्या घातलेल्या, काडीसारख्या. किल्लीला लावायच्या, फ्रिजला चिकटवायच्या, कानात घालायच्या. तिने माझ्यासाठी एक घेतली. मुंबईच्या घराची किल्ली मी अजून त्यालाच लावते.

तिच्या गावी गेले तेव्हा हा दावा कुठून आला ते थोडं कळलं. गाव म्हणजे उतारावरच्या दगडी पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, तिथे आता सफरचंद. तिच्या तेताच्या, म्हणजे आजीच्या, लहानपणापर्यंत काही बांधांवर तुतीची झाडं होती. हा सगळा डोंगर एकेकाळी रेशमावर जगायचा: तुती लावायची, किडे पाळायचे, कोष फ्रान्सला पाठवायचे आणि खायचं धान्य बाहेरून आणायचं. पहिल्या महायुद्धात समुद्रातून येणारी वाट दोस्त राष्ट्रांनी अडवली, तुर्कांनी धान्य ओढून नेलं, १९१५ साली टोळधाड आली. डोंगरात लाखाहून जास्त माणसं भुकेने आणि रोगाने गेली. त्या घरात आजही भाकरीचा तुकडा खाली पडला तर उचलून कपाळाला लावतात. मी बघितलं ते. आणि आमच्या आजीची आठवण झाली.

तर अशा उपाशी, निम्म्या रिकाम्या झालेल्या डोंगराने १९१९ साली पॅरिसच्या तहपरिषदेत आपला देश मागितला. नुसता डोंगर नको, बेकाचं गव्हाचं खोरं हवं, आणि बंदरं हवीत: बैरूत, त्रिपोली, सैदा, सूर. मॅरोनाइट धर्मगुरू इलियास हुवायक स्वतः पॅरिसला गेले. पण बंदरांतली माणसं तर बहुतेक मुसलमान. त्यांना सिरियाशी नातं जवळचं वाटायचं. मग या सगळ्यांना एका अंगणात आणणारा, येशूच्याही आधीचा, महंमदाच्याही आधीचा, कुणाच्याच मशिदीत किंवा चर्चमध्ये न बसणारा मूळपुरुष कोण? शार्ल कोर्म नावाच्या कवीने त्याच १९१९ साली बैरूतमधून ‘फिनिशियन’ नावाचं फ्रेंच नियतकालिक काढलं. हा कोर्म पुढे त्या भागात फोर्ड मोटारींचा एजंट म्हणून गाजला. मला हे फार आवडतं. मोटारी विकणारा माणूस सांगतोय की आम्ही मुळात व्यापारी, समुद्र ओलांडणारे, दुनियेला माल विकणारे. एवढा प्रामाणिक वंशवृक्ष दुसऱ्या कुणी काढला नसेल. १ सप्टेंबर १९२० रोजी फ्रेंच सेनापती गूरोने बैरूतमध्ये ‘थोरलं लेबनॉन’ जाहीर केलं. बंदरं मिळाली. बंदरातल्या माणसांनी आपलं मन मात्र तेवढ्याने दिलं नाही.

फ्रेंच राज्य आलं होतंच, त्यामुळे फिनिशियन म्हणजे फ्रेंचांचा लाडका, हा वास त्या कल्पनेला चिकटला तो गेलाच नाही. १९४३ च्या अलिखित करारात राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया असं वाटप ठरलं आणि देशाला ‘अरब चेहरा’ आहे असं म्हटलं गेलं. चेहरा! म्हणजे अंगाचं काय, ते विचारायचं नाही. यादवी संपवणाऱ्या १९८९ च्या ताइफ करारात मग सरळ लिहून टाकलं की लेबनॉन अरब आहे. दीड लाखाच्या आसपास माणसं मरून गेल्यावर एका शब्दावर एकमत झालं, तेही कागदावर.

या सगळ्यात मला सगळ्यांत चटका लावतो तो सईद अक्ल. झहले गावचा कवी. अरबी लिपी फेकून द्या, आपली बोली हीच आपली भाषा, असं म्हणत त्याने लॅटिन अक्षरांवर बेतलेली लेबनानी लिपी तयार केली आणि १९६१ मध्ये तिच्यात कवितासंग्रह छापला. यादवीत पॅलेस्टिनींविरुद्ध तो जे बोलला ते ऐकवत नाही, आणि त्यावर पांघरूण घालायची माझी इच्छाही नाही. पण याच माणसाने शुद्ध, खणखणीत अरबीत मक्केवर लिहिलं, दमास्कसवर लिहिलं, आणि ते लेबनॉनची लाडकी गायिका फैरूझने गायलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरवालीच्या बापाने रेडिओवर तेच लावलं होतं. लेबनॉनमध्ये सकाळ फैरूझचीच, आपल्याकडे भूपाळी असायची तशी. अरब नसलेला तो म्हातारा झातर मसाला लावलेली मनऊशे रोटी चावत, डोळे मिटून, मक्केच्या कवितेवर मान डोलवत होता. अक्ल २०१४ मध्ये शंभरी ओलांडून गेला. त्याची लिपी कुणी वापरत नाही. पण डोंगरवालीची भाचरं मोबाइलवर एकमेकांना लेबनानी बोलीत लिहितात ते लॅटिन अक्षरांतच. घशातल्या ‘ह’साठी ७, ‘ऐन’साठी ३. त्यांना अक्ल माहीत नाही. की-बोर्ड बदलायचा कंटाळा येतो, एवढंच कारण.

तिथून मी एकटीच सूरला गेले, सूरवाल्याच्या आईला भेटायला. तो दुबईतच होता. त्याने फोनवर बजावलं होतं, ‘तिला खालती म्हण.’ खालती म्हणजे माझी मावशी. उत्तर टोकाकडून दक्षिणेला, अख्खा देश दिवसाभरात पार. वाटेत सैद्याला टॅक्सीवाल्याने एक टेकाड दाखवलं, अंगावर घरं उभी असलेलं. ते टेकाड शिंपल्यांचं आहे. जांभळ्या रंगासाठी फोडून टाकलेल्या गोगलगायींचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका जर्मन रसायनतज्ज्ञाने प्रयोग केला तेव्हा १२,००० गोगलगायींतून जेमतेम १.४ ग्रॅम रंग निघाला होता. त्या काळी या गावांना काय घाण मारत असेल! ‘फिनिशियन’ हे नाव ग्रीकांनी दिलं, बहुधा त्या लालजांभळ्या रंगावरूनच. ही माणसं स्वतःला सीदोनचे म्हणायची, सोरचे म्हणायची, आपापल्या गावचे. म्हणजे ज्या नावासाठी एवढी भांडाभांडी, ते गिऱ्हाइकांनी ठेवलेलं.

सूरला समुद्र इतका जवळ की खालतीच्या बाल्कनीत कपडे वाळतात ते खारट. तिला ऐकू कमी येतं. माझं मोडकंतोडकं अरबी आणि तिचं अर्धं ऐकणं, यात दुपार झकास गेली. रस्त्याच्या खांबांवर शहिदांचे फोटो, खाली भिजवलेले हरभरे विकणारा. भग्नावशेष बघायला गेले तर सगळे खांब रोमन, फरसबंदी रोमन, घोड्यांच्या शर्यतीचं मैदानही रोमन. फिनिशियन कुठे आहेत? सोबत आलेल्या सूरवाल्याच्या चुलतभावाने पायाकडे बोट केलं. खाली. सगळ्यांच्या खाली. पाया खणताना काही लागलं की काम थांबतं, म्हणून म्हणे लोक रात्रीतून बुजवून टाकतात. ‘फिनिशियन म्हणजे घर बांधणाऱ्याची कटकट,’ तो म्हणाला. अवशेषांना लागूनच पॅलेस्टिनी निर्वासितांची छावणी आहे, तारांची जाळी आणि पाण्याच्या टाक्या. वंश, वारसा वगैरे शब्द तिथे उभं राहून तोंडातून काढवत नाहीत.

डोंगरवालीच्या टेबलावर तेव्हा एका बातमीचं कात्रण टाचणीने लावलेलं असायचं. २०१७ सालच्या संशोधनाचं. सैद्याच्या उत्खननातल्या सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीच्या पाच माणसांच्या हाडांतला डीएनए काढला, आजच्या लेबनानी लोकांशी ताडून पाहिला, आणि निघालं की आजच्या लोकांचा ९० टक्क्यांहून जास्त वारसा त्याच जुन्या कनानी लोकसमूहाचा, म्हणजे फिनिशियनांच्या पूर्वजांचा, आहे. ‘बघ,’ ती मला म्हणायची. सूरवाला येता-जाता त्या कात्रणावर टिचकी मारायचा: ‘नीट वाच. आजचे लेबनानी. मीपण.’ आणि ते खरंच होतं. हा वारसा ख्रिस्ती बघत नाही की मुसलमान. मग तो मुद्दाम म्हणायचा, ‘रक्त सेम निघालं ना? आता काय करतेस? आता मलाही खोड.’ तिला ते उत्तर पचलं नाही. तिला हवा होता तो वेगळेपणा, आणि विज्ञानाने हातावर ठेवली भाऊबंदकी.

गंमत म्हणजे २०२५ मध्ये याच्या उलट बाजूची बातमी आली. कार्थेज या उत्तर आफ्रिकेतल्या फिनिशियन वसाहतीच्या जगातल्या, म्हणजे सिसिली, सार्डिनिया, उत्तर आफ्रिका वगैरेतल्या प्युनिक (कार्थेजी) थडग्यांमधल्या माणसांचा डीएनए तपासला, तर त्यात लेबनॉनकडचं रक्त जवळजवळ नव्हतंच. भाषा फिनिशियन, देव फिनिशियन, पुरायची पद्धत फिनिशियन, रक्त भलतंच. आणि उत्तर आफ्रिकेतलाच संत ऑगस्टीन चौथ्या शतकाच्या शेवटी लिहून गेलाय की आमच्याकडच्या शेतकऱ्यांना तुम्ही कोण असं विचारलं, तर ते ‘चनानी’ म्हणतात. कनानी. त्यांना कुणी फॉर्म दिला असता तर त्यांनीही ‘इतर’समोरच लिहिलं असतं, आणि प्रयोगशाळेने त्यांना खोटं पाडलं असतं. मी हे डोंगरवालीला वाचून दाखवलं नाही. कात्रण तिने आधीच काढून टाकलं होतं.

ते काढलं २०२४ च्या शरदात. लिरा तोवर डॉलरला ८९,५०० झाला होता. बैरूतचं बंदर ४ ऑगस्ट २०२० लाच स्फोटात उडालं होतं. तिच्या भावाने बायकोसह माँट्रियल गाठलं होतं. सप्टेंबरात इस्रायलचे हल्ले वाढले, दक्षिण रिकामी होऊ लागली, ऑक्टोबरात सूरवर बॉम्ब पडले. खालती एकटीच. सूरवाला दिवसभर हेडफोन लावून बसायचा, स्क्रीनवर एक्सेलची तीच शीट. डोंगरवालीने काही न बोलता तिच्या गावाकडे फोन लावायला सुरुवात केली. खोली हवी होती, कसलीही. मला तिचं अरबी सगळं कळत नाही, पण पलीकडचा प्रश्न कळत होता, कारण उत्तर देताना ती प्रत्येक वेळी अडखळायची. आडनाव काय? पुण्यात घर शोधताना मी हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की तो कुठल्याही भाषेत ओळखू येतो. फक्त तिथे त्यामागे खरी भीतीही होती: १४ ऑक्टोबरला ऐतू या उत्तरेतल्या ख्रिस्ती गावात दक्षिणेतून आलेल्यांना भाड्याने दिलेल्या घरावरच बॉम्ब पडला आणि वीसहून जास्त माणसं गेली. डोंगरवालीच्या गावापासून ते काही फार लांब नाही. नाही म्हणणाऱ्यांना वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शेवटी तिच्या आईने कुणालाच न विचारता खालतीला आपल्या घरी आणलं. तळातल्या खोलीत, जिथे पूर्वी रेशमाचे किडे असायचे आणि आता सफरचंदांच्या पेट्या असतात. सहा आठवडे. २७ नोव्हेंबरला युद्धबंदी झाली, त्याच दिवशी खालती गादी बांधून सूरला परत गेली. बाल्कनी उरली होती, काचा नव्हत्या.

त्या आठवड्यात ऑफिसचा फॉर्म पुन्हा आला. आता ऑनलाइन, आणि या वेळी ‘इतर’चा चौकोनच काढून टाकलेला, त्याऐवजी ‘सांगू इच्छित नाही’. आम्ही तिघं चहाच्या मशिनपाशी उभे होतो आणि डोंगरवाली आईकडून ऐकलेलं सांगत होती. खालती पोचली त्याच संध्याकाळी समोरची शेजारीण दारात येऊन उभी राहिली. हातात काही नाही, नुसती उभी. डोक्यावरचा रुमाल बघून घेतला आणि विचारलं, ‘कोण या? कुठल्या घरच्या?’ आई म्हणाली, ‘सूरच्या. फिनिशियन आहेत.’

सूरवाला इतका हसला की त्याला पेला खाली ठेवावा लागला. डोळे पुसत त्याने विचारलं, ‘आणि माझी आई? ती काय म्हणाली?’

‘काही नाही. तिला ऐकू आलं नाही.’